आरोपी क्रमांक तीन

आईला हे माहीत नाही. बहिणीला नाही. ऑफिसात गेली अकरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याच डब्यातली भाजी खाणाऱ्या बाईंनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं नसतं, एवढं तरी आधीच खरं बोलून टाकते.

सुरुवात कुठून करू? माझ्या कामापासून करते. ते सोपं आहे.

मी नवीन पनवेलमधल्या एका खाजगी शाळेच्या ऑफिसात आहे. नवा माणूस घ्यायचा असला — शिक्षक, शिपाई, बसमधली मावशी — की त्याची फाईल माझ्या टेबलावर येते. शिक्षणाचे दाखले, आधार, दोन फोटो, आणि पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. 'नोंद आढळून आली नाही' असं त्यावर असलं की फाईल पुढे सरकते. एखादा गुन्हा क्रमांक छापून आला असला तर सरकत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण नुसती अटक झाली होती की शिक्षा झाली, खटला चालू आहे की माणूस सुटला — इतकं वाचत कोण बसतं? शंभर अर्ज असतात, एक बाजूला ठेवला तर कुणाचं काही अडत नाही.

हे आधी सांगायचं कारण आहे. पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल, बिचारीला कळलं नसेल एका कागदानं काय होतं ते. मला कळत होतं. माझं पोट त्याच कागदांवर चालतं.

माझं माहेर आपट्याचं. चोविसाव्या वर्षी लग्न झालं, रोडपालीला दिलं. सासरे नव्हते. घरात सासू, नवरा आणि नणंद — वैजयंती. तिला सगळे वैजू म्हणायचे. नवऱ्याचे दोन टेम्पो होते, स्टील मार्केटमध्ये भाड्याने चालायचे. घर बरं होतं. तो मला मारायचा. हे खरं आहे. पुढे मी जे सांगणार आहे त्यामुळे हेही खोटं असेल असं कृपा करून समजू नका. तो मारायचा, आणि सासू स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात आपटत बसायची, म्हणजे शेजारी आवाज जायला नको.

लग्नाआधी माझं डी.एड.चं एक वर्ष झालं होतं. दुसरं करू देऊ असं बोलणीत ठरलेलं. लग्नानंतर सासू म्हणाली, "आमच्यात सुना बाहेर जात नाय." संपलं. आणि त्याच घरातून वैजू रोज सकाळी नर्सिंगच्या कॉलेजला जायची. मी घर सोडलं त्या वर्षी ती एकवीस वर्षांची होती, तिसरं वर्ष. पांढराशुभ्र युनिफॉर्म, छातीवर उलटं लावलेलं घड्याळ, डोक्याला घट्ट अंबाडा. तो युनिफॉर्म मी धुवायची. नीळ घालून, इस्त्री करून. त्यावर डाग राहिलेला मला चालायचा नाही — गंमत बघा, तिला चालायचा, मला नाही.

वाईट असती तर किती सोपं झालं असतं! ती वाईट नव्हती. रक्तदाब मोजायचा सराव ती माझ्या दंडावर करायची आणि आकडा कमी आला की रागवायची, "वहिनी, तुमी जेवत नाय." माझ्यासाठी ती आईशी भांडली होती. डी.एड.चा फॉर्म मागवते, मी भरते, असं म्हणाली होती. नवऱ्यानं हात उचलला की त्या घरात मधे पडणारी ती एकटीच. आणि मला — कसं सांगू — मला ते सहन व्हायचं नाही. मार सहन व्हायचा. तिची दया नाही.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती. उन्हाळ्यातली दुपार. भाजीत मीठ जास्त झालं की तसलंच काहीतरी निमित्त. त्यानं कानाखाली मारली ती अशी बसली की कानातून रक्त आलं आणि एका बाजूचं ऐकूच येईना. वैजू कॉलेजमधून नुकतीच आली होती. तिनं चप्पलही काढली नाही. आत आली, त्याला ढकललं, माझे दोन्ही हात धरले आणि मला ओढत बाहेर काढलं. रिक्षा केली. तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन कान दाखवला. मग पनवेलच्या एसटी स्टँडवर आणून आपट्याच्या गाडीत बसवलं. माझ्या साडीवर रक्ताचे डाग होते, तर स्वतःची ओढणी काढून मला गुंडाळली.

खिडकीतून म्हणाली, "आता लगेच येऊ नका. कोण न्यायला आला तरी येऊ नका."

त्या दिवसानंतर आठ-दहा दिवसांनी मी पोलीस ठाण्यात तिच्याविरुद्ध तक्रार दिली.

आता इथे मी नेहमी मामाचं नाव घेत आले. कुणाला नव्हे, स्वतःलाच सांगताना. मामाला अशा कामांची माहिती होती. तो म्हणाला होता, "सगळ्यांची नावं घाल. एकट्या नवऱ्याचं घातलंस तर तो दहा वर्षं दाद देणार नाय. पोरीचं नाव आलं की बघ कशी धावत येतात सगळी." आईनेही मान हलवली. मी सव्वीस वर्षांची, एका कानानं बहिरी झालेली, रडून रडून डोकं सुन्न. मामा सांगेल ते केलं. असं सांगितलं की ऐकायला बरं वाटतं ना? मलाही बरीच वर्षं वाटलं.

पण मामा त्या वेळी खोलीत नव्हता. फोन आला म्हणून तो बाहेर गेला होता. टेबलापलीकडे एक पोलीस बाई होत्या, त्या लिहून घेत होत्या. नवऱ्याचं लिहून झालं, सासूचं लिहून झालं. मग त्या म्हणाल्या, "नणंदेचं नुसतं नाव घालून भागत नाही हो. तिनं काय केलं ते सांगा. काही केलं नसेल तर तसं सांगा, मग नाव नको घालायला."

ऐकलंत? तसं सांगा म्हणाल्या. मला कुणी ढकलत नव्हतं. पंखा फिरत होता, बाईंनी पेन वर धरलं होतं, आणि त्या वाट बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं — तिनं काही केलं नाही.

मी म्हणाले, "तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले, आणि मग त्यानं मारलं."

कुठून आलं हे वाक्य? मामानं शिकवलं नव्हतं. हात तर तिनं धरलेच होते. मी फक्त आधीचं नंतर आणि नंतरचं आधी केलं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून गेलं आणि बाईंनाही खरं वाटलं. पुढे आणखी घातलं. ती भावाला भडकवते, गाडीसाठी माहेरून पैसे आण म्हणते. पण खरं वजन त्या पहिल्या वाक्यालाच होतं. तक्रारीत पती आरोपी क्रमांक एक, सासू क्रमांक दोन. वैजू क्रमांक तीन.

का केलं? रागानं नाही. माझं सगळं संपलं होतं — लग्न, डी.एड., कान. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तो पांढरा युनिफॉर्म घालून बाहेर पडणार होती. तेवढंच होतं मनात. यापेक्षा मोठं काही कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नाही सापडलं.

त्यांना सकाळी धरलं. वैजू ड्यूटीला निघाली होती, युनिफॉर्मवरच. लेडीज कॉन्स्टेबलनं तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा सगळी आळी रस्त्यावर होती, असं मामा सांगत आला. एक रात्र ती आत होती, सासूबरोबर. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. मामा हे हसत हसत सांगत होता आणि आई त्याला चहा देत होती. आणि मी? मला बरं वाटलं. हेही सांगितलंच पाहिजे.

पुढच्या दोन वर्षांत आमचा परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. माझे दागिने, भांडी परत आली. समजुतीच्या कागदात एक अट होती. हा फौजदारी खटला रद्द करण्यासाठी ते हायकोर्टात अर्ज करतील, तेव्हा मी हजर राहून संमती देईन. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, हायकोर्टच तो रद्द करू शकतं, असं वकिलांनी समजावलं होतं. मी सही केली.

पण अर्ज करायची घाई कुणाला होती? नवऱ्याला नव्हती. त्याचा टेम्पोचा धंदा, त्याला कोण चारित्र्याचा दाखला मागतं? त्यानं तर वर्षभरात दुसरं लग्न केलं. सासू म्हातारी झालेली, तिला तारखेला नेलं की ती बाकावर बसून झोपायची. त्या कागदाची खरी गरज एकट्या वैजूलाच होती.

ती आपट्याला आली. रविवार होता. मी तेव्हा शाळेत नुकतीच लागले होते, सुट्टीला आईकडे आले होते. चार वर्षांनी तिला बघत होते. बारीक झाली होती. ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि पिशवीतून एक यादी काढली. सरकारी रुग्णालयात परिचारिकेच्या पदासाठी तिची निवड झाली होती. यादीत नाव वरच होतं. साक्षांकन नमुना भरायचा होता, त्यातला प्रश्न तिनं बोटानं दाखवला. आपणांस कधी अटक झाली होती काय? आपणांविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? खोटं लिहिलं तर त्याच कारणानं नोकरी जाते. खरं लिहिलं तर मिळत नाही.

"साहेबांनी दोन महिने दिलेत," ती म्हणाली. "केस रद्द झाल्याची हायकोर्टाची ऑर्डर आणा, मग बघू म्हणाले. वकील बघितलाय. तुमी फक्त एकदा या, वहिनी. जजसमोर सांगा, माझी हरकत नाय म्हणून. बाकी मला काय नको."

अजून वहिनी म्हणत होती. चार वर्षांत एकदाही तिनं मला विचारलं नाही की तुम्ही असं का सांगितलंत. त्या दिवशीही नाही. मी म्हणाले, येते. अगदी मनापासून म्हणाले. तिनं तारीख सांगितली, मी ती कॅलेंडरवर लिहिली. जाताना आईच्या पाया पडली.

मग तिच्या वकिलांचा फोन आला. चांगले होते बिचारे. सगळं समजावून सांगत होते. कदाचित न्यायमूर्ती तुम्हाला एक-दोन प्रश्न विचारतील, म्हणाले. दबावाखाली संमती देताय का? तक्रारीत लिहिलंय ते काय होतं? घाबरू नका, खरं ते सांगा.

खरं ते! रात्रंदिवस तेच कानात घुमत राहिलं. भरल्या कोर्टात मी काय सांगू? आणि खोटी तक्रार दिली म्हणून मलाच धरलं तर? शाळेत मी अजून कायम झाले नव्हते. कुणाला कळलं तर? हे सगळे प्रश्न खरे होते. पण तिच्यासमोरच्या प्रश्नापेक्षा मोठे होते का?

तारखेच्या दिवशी सकाळी मी रजा टाकली. चांगली साडी नेसले. ओळखपत्राची झेरॉक्स, घटस्फोटाची प्रत, सगळं पिशवीत घेतलं आणि मुंबईला जायला पनवेलच्या स्टँडवर आले. तिथे आपट्याची गाडी लागलेली होती. मी त्या गाडीत चढले.

कुणी ओढलं नाही. मी ठरवलंही नव्हतं असं म्हणायचा मोह होतो, पण तिकीट मागितलं तेव्हा 'आपटा एक' असं मीच म्हणाले. आईला वाटलं सहज आले. तिनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली. फोन वाजत होता. वैजूचा, वकिलांचा, परत वैजूचा. अकरा वेळा वाजला. मी तो उशीखाली ठेवला. आई म्हणाली, "घे की गं, कोणाचा हाय?" मी म्हणाले, "कंपनीचा. सारखे करतात." आणि जेवले. दोन भाकऱ्या जेवले.

तक्रारदार गैरहजर म्हणून पुढची तारीख पडली. मी त्या तारखेलाही गेले नाही. मग वकिलांनी अर्ज मागे घेतला. दोन महिने उलटले आणि तिच्या जागी प्रतीक्षा यादीतली मुलगी लागली. पुढे आखातात नर्सेस हव्या होत्या, तिथेही तिनं प्रयत्न केला. पासपोर्टला पोलीस पडताळणी लागते, ती खटल्यापाशी अडली. हे मला रोडपालीची एक जुनी शेजारीण सांगायची. बाजारात भेटली की आपणहून सांगायची. मी भाजी निवडत ऐकायची.

खटला पनवेलच्या कोर्टात चालू राहिला. चालू म्हणजे काय, तारखा पडत राहिल्या. वैजू प्रत्येक तारखेला जायची. जी काही खाजगी दवाखान्यातली कामं मिळायची ती या तारखांच्या खाड्यांनी सुटायची. अखेर माझ्या साक्षीचं समन्स आलं. तक्रार दिल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. मी नजर चुकवली. ती म्हणाली, "वहिनी, तुमी मला वाचवू नका. नुसतं झालं तसं सांगा."

मी साक्षीला उभी राहिले. सरकारी वकिलांनी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, आरोपी क्रमांक तीन हिनं तुमचे हात धरून ठेवले होते, हे खरं आहे का?

तुम्हाला वाटेल, इथे तरी. मलाही वाटलं होतं. नाही, ते खोटं होतं, तिनं मला सोडवलं — इतकी सोपी वाक्यं मी आदल्या आठवड्यात आरशासमोर म्हणून पाहिली होती.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

नवऱ्याबद्दल विचारलं, आठवत नाही. सासूबद्दल, आठवत नाही. मला फितूर साक्षीदार ठरवलं. अशा खटल्यांत हे रोजचंच असतं, कुणालाच नवल वाटलं नाही. 'आठवत नाही' या शब्दांत मी खोटी ठरत नव्हते आणि ते सुटणार होते. दोन्हीकडून सोय. सगळे सुटले. सासूनं देवाला नारळ फोडला म्हणे. मीही स्वतःला म्हणाले, झालं एकदाचं. फिटलं.

निकालपत्रात काय लिहिलं होतं ते मला नंतर कळलं. 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.' वाचायला चांगलं वाटतं ना? पण नोकरी देणारे पुढचं वाचतात. गुन्हा घडलाच नाही असं कोर्ट म्हणालं, तर ती एक सुटका. साक्षीदाराला आठवेना म्हणून सुटलात, तर ती दुसरी. वैजूनं निकालाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात नेऊन नोंदीत भरून घेतली. पुन्हा एका सरकारी जागेसाठी अर्ज केला, पुन्हा निवडली गेली, आणि तिथल्या अधिकाऱ्यानं निकालपत्रातल्या 'संशयाचा फायदा' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारून फाईल परत केली. अटक तर पुसली जातच नाही. सुटलात तरी फॉर्मवर 'होय' लिहावंच लागतं. दाखल्यावर गुन्हा क्रमांक येतोच, फक्त पुढे एक ओळ जास्त येते.

तिचं लग्न झालं नाही. ती आता एका ब्युरोतर्फे लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करते. नर्स म्हणून नाही, मदतनीस म्हणून.

इथवरचं वैजूला माहीत आहे. यापुढचं कुणालाच माहीत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शाळेनं परिचारिका नेमायचं ठरवलं. जाहिरात दिली, अर्ज आले. मी फाईली लावत होते आणि एका अर्जावर तिचा फोटो. छत्तिसाव्या वर्षीही अंबाडा तसाच घट्ट. मी इथे आहे हे तिला माहीत नव्हतं. सगळे कागद जागच्या जागी. अटक झाली होती काय, यापुढे 'होय'. तपशिलाच्या चौकटीत तिनं लिहिलं होतं — 'कौटुंबिक वादातील तक्रार. निर्दोष मुक्तता. निकालाची प्रत सोबत जोडली आहे.' बस. माझ्याविषयी एक वाईट शब्द नाही. ही तक्रार कुणाची असं कुणी शोधलं असतं, तर ते निकालाच्या प्रतीत होतं. माझं जुनं नाव, सासरचं. या ऑफिसात ते कुणालाच ठाऊक नाही.

मुलाखत झाली. मी त्या दिवशी तब्येतीचं सांगून घरी राहिले. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. वैजूची फाईल त्यांच्यासमोर उघडी होती.

"बाई फार चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "मला तर हीच हवी आहे. सुटलेली आहे, निकाल जोडलाय. पण हे पोलीस प्रकरण… तुम्ही इतकी वर्षं हे बघताय. तुम्हाला काय वाटतं? घ्यावी?"

त्यांनी विचारलं. मॅडम कधी कुणाला विचारत नाहीत. मला माझं जुनं नावसुद्धा सांगावं लागलं नसतं. 'सुटली आहे ना, मग घ्या' — एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी सही केली असती. पण ती इथे आली तर रोज सकाळी समोर येईल. पांढऱ्या कपड्यांत. आणि एक दिवस बोलता बोलता कुणाला तरी सांगेल.

मी म्हणाले, "मॅडम, लहान मुलांचा प्रश्न आहे. उद्या पालकांना कळलं तर ऐकून घ्यावं लागेल."

त्यांनी सुस्कारा सोडला. फाईल मिटली.

तपासणीसाठी ठेवलेले मूळ दाखले घ्यायला उमेदवारांनी यावं, असे फोन शिपायानं केले. मला वाटलं होतं ती दुपारी येईल, तेव्हा मी बँकेत जाईन. ती सकाळीच आली. खिडकीपाशी वाकली आणि तिनं मला ओळखलं. मागे फी भरायला पालकांची रांग होती. मी तिचं पाकीट काढून दिलं. तिनं एकेक दाखला मोजून पाहिला, नोंदवहीत सही केली, तारीख घातली.

"तुमी इथं हाय," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. राग असता तर मी ओळखला असता. "मॅडम तर हो म्हणाल्या होत्या, वहिनी. रुजू कधी होता ते पण विचारलेलं."

तिनं पाकीट पिशवीत घातलं, मागच्या बाईला वाट दिली आणि गेली.

मग मी उरणमधल्या एका वकिलांकडे गेले. पनवेलमध्ये कुणी पाहिलं असतं म्हणून उरणला. मैत्रिणीची गोष्ट म्हणून सगळी सांगितली. ते म्हणाले, झालेला निकाल बदलणं अवघड, पण त्यातले 'संशयाचा फायदा' हे शब्द काढून टाकावेत म्हणून हायकोर्टात मागता येतं. मिळेलच असं नाही. तक्रारदार बाईनं स्वतः प्रतिज्ञापत्र दिलं की नणंदेवरचा आरोप मी रचला होता, तर त्या मागणीला काहीतरी आधार मिळेल. कोर्टात नाही जमलं तरी ते प्रतिज्ञापत्र तिला प्रत्येक नोकरीच्या अर्जाला जोडता येईल. तुमच्या मैत्रिणीवर कारवाई होऊ शकते, हेही त्यांनी सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मसुदा मी करून देतो. एका पानाचं काम आहे. त्यांना म्हणावं, आधार कार्ड घेऊन या."

याला सात महिने झाले. मी अजून गेलेले नाही.